गोट, तोडे आणि टांकसाळ : दख्खनच्या शेतकऱ्याची बचत कुठे गेली?

🧵 धागा

१/ दख्खनचा शेतकरी कर्जबाजारी का झाला, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकापासून एक सोयीस्कर उत्तर दिले जाते. त्याला बचतीची सवय नव्हती, लग्नकार्यात त्याने पैसा उधळला आणि अडचण आली की तो सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसला. काटकसरीवरच्या भाषणांत हे उत्तर आजही ऐकू येते. पुरावा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. बचत होती. ती कोणत्या रूपात होती आणि तिचे काय झाले, याचा हा धागा.

२/ बँक नव्हती तेव्हा घर हीच पेढी होती. धान्य पेवात किंवा कणगीत असे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, आतून पेंढ्याने लिंपून घेतलेले कोठार. तोंड नीट बंद केले तर त्यात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे. चांगल्या सालची ज्वारी वाईट सालापर्यंत नेण्याची ही व्यवस्था होती. बचतीचा अर्थ यापेक्षा निराळा नाही.

३/ दुसरी ठेव अंगावर असे. हातात गोट, पायात तोडे आणि वाळे, कमरेला पट्टा, ज्यांना जमे त्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ. पुतळी हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. व्यापारातून ते इथे आले आणि दागिना झाले. चलन आणि अलंकार यांच्यात आज वाटते तेवढी भिंत त्या काळी नव्हती.

४/ सामान्य कुणब्याच्या घरी सोने गुंजभर आणि चांदी तोळ्यांनी, असे प्रमाण असे. चांदी निवडण्यामागे पक्का हिशेब होता. ती थोडीथोडी घेता येते. उंदीर किंवा कीड लागून ती नासत नाही. रात्री-अपरात्री गहाण टाकता येते. शिवाय ती बाईच्या अंगावर असल्याने घरच्या पुरुषाला सहज उधळता येत नाही. स्त्रीधन या संकल्पनेचा हा व्यावहारिक अर्थ होता.

५/ तिसरी ठेव माणसांत होती. लग्नातला आहेर लक्षात ठेवला जाई आणि वेळ आली की परत केला जाई. नांगरणी अडली तर इर्जिक घालून गाव एका दिवसात शेत उरकून देई. शेळी-मेंढी ही चालती-बोलती शिल्लक होती. आजारपण, बैल मरणे, घर पडणे यांसारखा अचानक उभा राहिलेला खर्च या तीन ठेवींवर निभावत असे.

६/ संकटालाही क्रम होता. आधी जेवणात काटछाट, मग शेळ्या विकणे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग पायातली चांदी, मग हातातली. बैल आणि जमीन अगदी शेवटी, कारण ती गेली की पुढच्या वर्षाची कमाईच गेली. हा क्रम पाळणाऱ्या माणसाला बेफिकीर म्हणणे अवघड आहे.

७/ या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव मात्र होती. एका घरावर आलेले संकट ती पेलू शकत असे. सगळ्या गावावर एकदम आलेले संकट तिला पेलवत नसे. दुष्काळात सगळेच शेळ्या विकायला काढतात आणि भाव कोसळतो. चारा नसतो म्हणून बैल मातीमोल जातात. इर्जिकीला बोलावलेल्या शेजाऱ्याच्या घरीही चूल थंडच असते.

८/ ब्रिटिश राजवटीत या उणिवेवर नवा भार पडला. १८३६ साली इंदापूरपासून रयतवारीची नवी आकारणी लागू होऊ लागली. सारा रोखीत द्यायचा आणि ठरल्या हप्त्याला द्यायचा. पीक बुडाले तरी साधारणपणे आकारणी तीच. म्हणजे सुगी होताच, भाव पडलेला असतानाच, धान्य विकणे भाग पडू लागले. पेवात जाणारी ज्वारी बाजारात गेली.

९/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस थांबल्याने इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारही मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव पडले, कर्जाचा ओघ आटला. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांच्या आकारणीची मुदत संपली आणि फेरआकारणीत अनेक गावांचा सारा चांगलाच वाढला.

१०/ कायद्यानेही हात दिला नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायचे आणि थकलेले व्याज मुद्दलात मिसळायचे. अक्षरओळख नसलेला ऋणको अंगठा उठवत राहिला आणि कर्ज फुगत गेले.

११/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी याचा स्फोट झाला. लोण नगर जिल्ह्यातही पोचले. जमावाचा रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जखतांवर होता. कागद ताब्यात मिळाले की बहुतेक ठिकाणी माणसांना फारशी इजा झाली नाही. आपली मिळकत कोणत्या वाटेने जाते हे त्या लोकांना नेमके ठाऊक होते.

१२/ त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने लग्नखर्चाचा प्रश्न तपासला. त्याचा निष्कर्ष विसरला गेला आहे, म्हणून तो ठळकपणे सांगायला हवा. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाचे मत पडले. असे प्रसंग क्वचित येतात आणि कर्जाचे मूळ सहसा तिथे सापडत नाही, असे सरकारी आयोगच सांगत होता. १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने मग न्यायालयांना खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला.

१३/ त्याआधीच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. पेवे रिकामी झाली तेव्हा अंगावरची चांदी उतरली. सोनार-सराफांच्या हातून ती मुंबईच्या टांकसाळीत पोचली आणि तिचे रुपये झाले. पिढ्यांची बचत काही महिन्यांत वितळली. तरीही ती उपयोगी पडली, हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढच्या वेळी चित्र पार बदललेले होते.

१४/ यामागचे गणित सोपे होते. रुपयाचे वजन एक तोळा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. थोडे शुल्क भरून कोणीही टांकसाळीला चांदी देऊन रुपये घेऊ शकत असे. शेतकरी स्वतः टांकसाळीत जात नसे, पण सराफ जात. त्यामुळे गावच्या सोनाराला एका मर्यादेपलीकडे भाव पाडता येत नसे. तोळाभर चांदी म्हणजे साधारण रुपया, हा आधार पक्का होता.

१५/ १८७० च्या दशकात जर्मनीसह अनेक देशांनी चांदीचे चलन सोडून सोने धरले आणि जगात चांदी स्वस्त होऊ लागली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सुमारे १५ पेन्सवर आला. हिंदुस्थान सरकारला लंडनचा खर्च सोन्याच्या चलनात भागवावा लागे. तो बोजा वाढला, इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगारही विलायतेत आखूड पडू लागले. जून १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या.

१६/ रुपया तुटपुंजा झाला, म्हणून महाग झाला. चांदीचा आधार मात्र गेला. १८९८-९९ च्या सुमारास रुपयातल्या चांदीचे मोल १० ते ११ आणे उरले होते. उदाहरणादाखल, ४० तोळ्यांचे तोडे घ्या. पूर्वी त्यांचे चाळिसाच्या आसपास रुपये झाले असते, आता २५ ते २७. दहा रुपये सारा भरायला पूर्वी सुमारे दहा तोळे चांदी मोडावी लागे, आता पंधरा.

१७/ याच वेळी, १८९९-१९०० मध्ये, पुन्हा मोठा दुष्काळ पडला. सारा रुपयांत, कर्ज रुपयांत, आणि घरातली शिल्लक चांदीत. ज्या पायावर बचत उभी होती तोच काढून घेतला गेला होता. टांकसाळी बंद करणे म्हणजे रयतेवरचा कर आडमार्गाने वाढवणे, अशा आशयाची टीका दादाभाई नौरोजी यांनी केली होती. घरातल्या चांदीकडे पाहिले की तिचा अर्थ लख्ख कळतो.

१८/ दुसरी बाजूही मांडायला हवी. रुपया घसरत राहिला असता तर सरकारने कदाचित उघड करवाढ केली असती आणि तीही रयतेच्याच माथी आली असती. हा युक्तिवाद तेव्हा झाला आणि तो पोकळ नाही. परंतु उघड करवाढीवर भांडता येते, अर्ज करता येतो, सार्वजनिक सभेत ठराव मांडता येतो. पेटीतल्या गोटांचे मोल एका कायद्याने उतरले, तर भांडायचे कोणाशी?

१९/ आणि चांदी सगळ्यांकडे होती असेही नाही. भूमिहीनांकडे पेव नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या स्त्रियांना कित्येक ठिकाणी चांदी-सोने घालण्याचीही मुभा नव्हती. म्हणजे जातीने माणसाचा मान हिरावला आणि त्यासोबत अडीअडचणीची ठेवही हिरावली. दुष्काळात सर्वात आधी कोण उपाशी पडले, याचे एक उत्तर इथे आहे.

२०/ उपाय सुचवले गेले. विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, लंडनहून मंजुरी आली नाही. १८८२ मध्ये टपाल बचत बँक सुरू झाली, पण खेड्यातल्या निरक्षर बाईला कचेरीतल्या पासबुकापेक्षा हातातला गोटच जवळचा होता. १८८३-८४ मध्ये तगाईचे कायदे झाले. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडले.

२१/ घरातल्या ठेवीवर वरून आघात होण्याचा प्रकार पुढेही घडला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनातील मूल्याच्या सुमारे ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद झाला. नोटा बँकेत भरता येत होत्या, त्यामुळे १८९३ शी तुलना पूर्ण जुळत नाही. पण डाळ-तांदळाच्या डब्यात लपवलेली बायकांची पुंजी उघडी पडली आणि तिच्यावरचा त्यांचा ताबा सुटला. निर्णय घेताना त्या डब्याचा विचार झाला नव्हता.

२२/ उलट दिशेचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारी कामांवर ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडण्याचे ते काम कष्टाचे आणि मजुरी तुटपुंजी. पण हातात रोख येत होती, म्हणून अनेक घरांचे बैल आणि जमिनी वाचल्या. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला.

२३/ या दीडशे वर्षांतून निघणारे मत असे : एका घरावर येणाऱ्या आपत्तीसाठी घराची बचत पुरते. सगळ्या मुलखावर येणाऱ्या आपत्तीला सार्वजनिक तरतूदच लागते. ती तरतूद न करता लोकांना काटकसर शिकवणे हे जबाबदारी झटकणे आहे. १८७५ मध्ये ते तसे होते, आजही तसेच आहे.

२४/ इतिहासाची आवड असणाऱ्यांनी एक काम जरूर करावे. घरातल्या किंवा गावातल्या वृद्ध स्त्रियांना विचारावे : बाहत्तरच्या दुष्काळात काय विकले, काय राखले आणि कोणता दागिना पुन्हा कधी घडवता आला नाही. सरकारी दप्तरात ही नोंद नाही. ती सांगणारी माणसे मात्र अजून आहेत. 🧵 समाप्त