संरक्षण खर्चाचा हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे!

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण खात्यासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये ठेवण्यात आले. म्हणजे केंद्राच्या दर शंभर रुपयांपैकी तेरा रुपयांहून अधिक या एकट्या खात्याचे. हा पैसा कुठे गेला, कसा गेला, असे विचारणाऱ्याला मात्र या देशात ताबडतोब देशद्रोही ठरविले जाते. जवान सीमेवर उभा आहे आणि तुम्ही हिशेब कसला मागता, असा सवाल केला जातो. आमचे म्हणणे असे की, जवान सीमेवर उभा आहे म्हणूनच हिशेब मागितला पाहिजे. हिशेब चुकला तर त्याची किंमत दिल्लीतील अधिकारी मोजत नाही, जवान मोजतो.

हा प्रश्न विचारण्याचा वारसा आम्हाला बाबासाहेबांकडून मिळाला आहे. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला त्यांना सभागृहात निवेदन करता आले नाही, तेव्हा ते त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. हिंदू कोड बिलाबद्दलचा त्यातील भाग सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनात बाबासाहेबांनी लष्करी खर्चावरही बोट ठेवले होते. वर्षाला ३५० कोटींचा महसूल आणि त्यातील सुमारे १८० कोटी सैन्यावर, हा प्रचंड खर्च आपल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे सांगणारा माणूस सुभेदार रामजींचा मुलगा होता. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटसाठी त्यांनीच आग्रह धरला होता. त्यांना सैन्यविरोधी म्हणण्याची हिंमत कोणी करील काय?

बाबासाहेब केवळ प्रश्न विचारून थांबले नाहीत. हिशेब घेणारी यंत्रणा राज्यघटनेत आहे. कलम १४८ ते १५१ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’ची तरतूद आहे. हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितले होते. या ‘कॅग’ने गेल्या काही वर्षांत काय दाखवून दिले ते पाहा.

सप्टेंबर २०१६ मध्ये सैन्याकडे असलेल्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारे नव्हते. ठरलेला साठा ४० दिवसांचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवलेला अहवाल तर वाचवत नाही. सियाचीनसारख्या अतिउंच भागातील जवानांसाठी बर्फातील गॉगलचा मोठा तुटवडा होता. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउद्देशीय बूट मिळाले नाहीत, म्हणून जुनेच बूट पुन्हा वापरावे लागले. लाखो कोटींचे अंदाजपत्रक असलेल्या देशात जवानाच्या पायात नवे बूट नाहीत! मग पैसा नव्हता काय? २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी दिले होते. सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आले. म्हणजे दिलेला पैसाही वेळेत खर्च होत नाही. खरेदीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि विलंबाबद्दल कोणाही अधिकाऱ्याला जाब विचारला जात नाही.

असे अहवाल लोकांपर्यंत पोहोचले की सरकारची अडचण होते. २०१७ नंतर संरक्षणविषयक अहवाल ‘कॅग’च्या वेबसाइटवर टाकणे थांबविण्यात आले. कारण सांगितले सुरक्षेचे. जो अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला जातो, खासदारांच्या आणि पत्रकारांच्या हाती पडतो, तो फक्त सामान्य नागरिकाने वाचला तर देश धोक्यात येतो काय?

राफेलचे प्रकरण याहून गंभीर आहे. १४ डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की, किमतीचा तपशील ‘कॅग’ला दिला असून ‘कॅग’चा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे. प्रत्यक्षात असा अहवाल तेव्हा संसदेत आलेलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी सरकारला दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल आला तेव्हा त्यातील किमती झाकलेल्या होत्या. कोर्टात रोज उभे राहणाऱ्या आमच्यासारख्या वकिलाला एवढेच कळते की, जो पुरावा तपासताच येत नाही त्याच्या आधारे कोणाला निर्दोष म्हणता येत नाही आणि दोषीही म्हणता येत नाही.

काटकसर करायची वेळ आली की मात्र ती खालच्या माणसापासून सुरू होते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. सैन्य तरुण करायचे आहे असे सरकार म्हणते, परंतु पेन्शनचा बोजा कमी होणार हे उघड आहे. सैन्यात शिपाई म्हणून कोण जातो? शेतमजुराचा, अल्पभूधारकाचा, वस्तीतील पोरगा जातो. ती पक्की नोकरी गेली. अपंग जवानाची गतही तशीच. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेमुळे झाला असे मानावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट केले. तरीही अशा पेन्शनविरुद्ध सरकार अपिलामागून अपिले करीत राहिले. जवानाला हरविण्यासाठी जनतेचा पैसा खर्च करणे ही कसली काटकसर?

आमच्या मागण्या साध्या आहेत. खरोखर गोपनीय तेवढा भाग वगळून संरक्षणाचे सर्व लेखापरीक्षण अहवाल जनतेसाठी खुले करा. लोकलेखा समितीने त्यांच्यावर मुदतीत सुनावणी घ्यावी. खरेदी रखडली तर जबाबदार अधिकारी निश्चित करा. अपंग जवानांविरुद्धची अपिले मागे घ्या.

आपला खासदार मते मागायला वस्तीत येईल तेव्हा त्याला एवढेच विचारा, सियाचीनच्या बुटांचा अहवाल तुम्ही वाचला काय? उत्तर आले नाही तर समजावे की बाबासाहेबांनी ७५ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न अजून उभाच आहे. तो विचारीत राहणे हे आपले काम आहे. जय भीम!