नकाशा शिकावा आपल्या शिवारापासून

संगणकावर नकाशा काढावयास शिकणाऱ्या बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या पुढे प्रथम जगाचा तयार पट मांडावा की त्याच्याच गावचा नकाशा, असे कोणी विचारले, तर गावचाच नकाशा मांडावा, असे मी निःशंकपणे सांगेन. 2002 साली आरंभ झालेली आणि विनामूल्य मिळणारी क्यूजीआयएस ही आज्ञावली त्या कामास पुरेशी आहे.

निजामाच्या अमदानीत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जी मोजणी व बंदोबस्त झाला, त्या परंपरेतील गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून घेतली, की पहिली अडचण समोर येते, आणि तीच पहिला खरा धडा होय. त्या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. म्हणून त्यावरील जुनी विहीर, ओढ्याचा संगम, शिवेचा दगड ही स्थळे उपग्रहचित्रात हुडकून, बिंदूशी बिंदू जुळवून, कागद भूमीवर बसवावा लागतो. 33 फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर, हे ज्याला ठाऊक आहे, तो बसविलेल्या गटाचे क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहील. त्यातच वक्र पृथ्वी सपाट पटावर उतरविण्याची प्रणाली आली. आपला जिल्हा यूटीएमच्या 43 उत्तर पट्ट्यात येतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मात्र एव्हरेस्टच्या गोलाभावर रचलेले आहेत, आणि हा भेद न जाणता दोन्ही एकावर एक ठेवले, तर एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात जाते.

याहून मोठा लाभ पाण्याचा आहे. 2000 साली अमेरिकी अवकाशयानातून रडारद्वारे घेतलेली उंचीची मोजमापे आज कोणासही मिळतात. त्यांवरून पाटोदा तालुक्याचे पाणलोट रेखाटावे, म्हणजे बालाघाटाच्या त्याच परिसरात उगम पावणारी सिंदफणा माजलगावकडे वळून गोदावरीस मिळते, तर मांजरा लातूर, कर्नाटक, तेलंगण असा दूरचा फेरा घेऊन अखेर त्याच गोदावरीस मिळते, हे नवशिक्यास स्वहस्ते पडताळता येते. मात्र त्या मोजमापांची चौकट 30 मीटरची असल्यामुळे लहान नाल्यांच्या बाबतीत पडद्यावरील रेषेवर विसंबू नये. ते पायी जाऊनच पाहावेत.

घरी काढलेला नकाशा बांधाच्या तंट्यात पुरावा ठरणार नाही. तेथे सरकारी मोजणीच प्रमाण, आणि ते योग्यच आहे. परंतु 2021 पासून ई-पीक पाहणीच्या निमित्ताने शेतकरी मोबाईलवर स्वतःच्या पिकाची नोंद करू लागलेला असताना, नकाशाविद्या कचेरीपुरतीच राहावी, हे मला मान्य नाही. अंबाजोगाई, माजलगाव, बीड येथील महाविद्यालयांतील भूगोल विभागांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका गावाचा नकाशा, पाणंदी आणि शिवरस्ते स्वतः चालून पाहून, तयार करवून घ्यावा आणि त्याची एक प्रत त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.