विश्लेषण : पर्वतीय नद्यांत दुपारी दोननंतर मासेमारी बंद का?

अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत उन्हाळा सुरू झाला, की नद्यांवर गळ टाकणाऱ्यांची झुंबड उडते. नकली माशीचे आमिष वापरून ट्राउट पकडण्याचा, म्हणजेच ‘फ्लाय फिशिंग’चा हा मुख्य हंगाम. मात्र याच हंगामात मोंटाना राज्यातील नद्यांवर एक निर्बंध येतो : दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद. एरवी ऐन उकाड्यात लागणारा हा निर्बंध कोरड्या वर्षांत जुलै उजाडताच लावावा लागतो. गाइड, नदीकाठची हॉटेले आणि लहान गावांची बाजारपेठ यांचे कमाईचे दिवस त्यामुळे आक्रसतात. हे कशामुळे घडते आणि मासे वाचवण्यासाठी एवढे पुरेसे आहे का, हे प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचे ठरतात.

फ्लाय फिशिंग वेगळे कसे?

साध्या गळाला गांडूळ किंवा जड आमिष लावतात आणि त्याच्या वजनाने दोरी लांब फेकली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला जवळपास वजनच नसते. पिसे, दोरा आणि प्राण्यांचे केस आकड्याभोवती गुंडाळून केलेली ती नकली माशी असते. वजन असते दोरीला. लवचीक काठी मागेपुढे झुलवून ती दोरी पाण्यावर अलगद उतरवायची असते. मासा त्या घटकेला कोणता कीटक खातो आहे हे ओळखून तशीच माशी निवडणे, हे यातले खरे कसब. या माश्या बांधण्यासाठी सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना एकेकाळी ब्रिटनमध्ये मोठी मागणी होती; भारताने पुढे त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. मोंटानाचे नाव या छंदाशी जगभर जोडले गेले ते रॉबर्ट रेडफर्ड दिग्दर्शित ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या १९९२ च्या चित्रपटामुळे. १९८५ च्या कायद्याने तेथील नद्यांचे पात्र सर्वांना खुले आहे, काठावरची जमीन खासगी असली तरी. त्यामुळे गर्दीही सर्वांचीच.

हंगाम बर्फावर कसा ठरतो?

डोंगरावरचा बर्फ हेच या नद्यांचे धरण. हिवाळाभर तो साठतो, साधारण एप्रिलमध्ये साठा सर्वाधिक होतो आणि मे-जूनमध्ये वितळून नदीत उतरतो. तो किती आहे हे त्याच्या उंचीवरून नव्हे, तर वितळल्यावर किती पाणी मिळेल यावरून मोजतात. त्यासाठी डोंगरांत स्वयंचलित केंद्रांचे जाळे आहे. मे अखेरीस नद्या दुथडी भरून, गढूळ वाहतात. अशा पाण्यात माशाला माशी दिसत नाही आणि माणसाला नदीत पाय ठेवणेही धोक्याचे असते. जूनच्या उत्तरार्धात पूर ओसरतो, पाणी निवळते आणि तेव्हाच खरी मजा सुरू होते.

याच सुमारास ‘सामनफ्लाय’ हा मोठा कीटक पाण्याबाहेर येतो. तीन ते चार वर्षे तो नदीतळाच्या दगडांखाली काढतो आणि पाणी पुरेसे उबदार झाले, की काठावर चढून कात टाकतो. त्याला पंखांसह जगायला मोजकेच दिवस मिळतात. ट्राउट या दिवसांत अक्षरशः तुटून पडतात. ही लाट नदीच्या खालच्या भागातून रोज थोडी थोडी वर सरकते आणि गळवाले तिच्या मागे गाड्या पळवतात. पण गणित नाजूक आहे. कीटक बाहेर आले आणि नदी अजून गढूळ असली, तर हंगाम हुकला.

म्हणून बर्फ किती पडला यापेक्षा तो केव्हा आणि कसा वितळतो, हा प्रश्न मोठा आहे. सरासरीएवढा बर्फ पडूनही मेमध्ये कडक ऊन पडले तर तो तीन आठवड्यांत वाहून जातो आणि जुलैत नदीला पाणी पुरवणारे वर काही उरत नाही. कधी उलटे होते. जून २०२२ मध्ये उशिरापर्यंत टिकलेल्या बर्फावर मुसळधार पाऊस कोसळला. १३ जून रोजी यलोस्टोन नदीची कॉर्विन स्प्रिंग्ज येथील पातळी १३.८८ फुटांवर गेली; त्याआधीचा विक्रम १९१८ चा, साडेअकरा फुटांचा होता. रस्ते वाहून गेले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची पाचही प्रवेशद्वारे बंद करून दहा हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या गार्डिनर गावाचा उन्हाळी धंदा त्या वर्षी सुरू होतानाच मोडला.

तळी आणि धरणांचा आधार किती?

नद्या गढूळ असताना अनुभवी मंडळी तळ्यांकडे वळतात. बर्फाचा थर फुटला, की उपाशी मासे उथळ कडेला येतात. खालच्या तळ्यांत हे एप्रिल-मेमध्ये घडते, तर बेअरटूथ पर्वतातील उंच तळी जून अखेरपर्यंत किंवा जुलैपर्यंत गोठलेली असू शकतात. पुढे पाणी तापले तरी तळ्यातला मासा खोल, थंड थरात उतरू शकतो. नदीतल्या माशाला ही सोय नसते. २०२१ मध्ये यलोस्टोन उद्यानाने नद्या-ओढ्यांवर दुपारनंतर बंदी घातली, तेव्हा तळी मात्र खुली ठेवली, ती यामुळेच.

दुसरा आधार धरणांचा. तळातून सोडलेले पाणी थंड आणि स्वच्छ असते, म्हणून मिसूरी नदीवरील होल्टर धरणाखाली किंवा बिगहॉर्नवरील यलोटेल धरणाखाली मासेमारी वर्षभर चालते. धरणावर भिस्त ठेवण्यातला धोका ३० नोव्हेंबर २०२१ रोजी दिसला. मॅडिसन नदीवरील हेबगेन धरणाच्या दरवाजाचा भाग तुटला आणि विसर्ग सुमारे साडेसहाशे क्युसेकवरून अडीचशेच्या आसपास आला. ब्राऊन ट्राउटनी नुकतीच घातलेली अंडी उघडी पडली आणि लोक बादल्यांतून मासे खोल पाण्यात नेऊ लागले.

दुपारी दोनच का?

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्याच वेळी उबदार पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. गळाला लागलेला मासा झुंजतो, दमतो आणि सोडून दिला तरी काही तासांनी मरू शकतो. ‘पकडा आणि सोडा’ ही पद्धत थंड पाण्यात माशाला वाचवते, तापलेल्या पाण्यात तसा भरवसा देता येत नाही.

नदीचे पाणी पहाटे सर्वांत गार असते आणि दुपार कलल्यावर सर्वाधिक तापते. रात्री उशिरापर्यंत ही ऊब उतरत नाही, म्हणून बंदी मध्यरात्रीपर्यंत असते. सलग तीन दिवस पाण्याचे कमाल तापमान ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सियसला पोहोचले, की मोंटानाचा मत्स्य व वन्यजीव विभाग ती लागू करू शकतो. या निर्बंधाचे प्रचलित नाव ‘हूट आउल’, म्हणजे घुबड. वणव्याच्या भीतीने लाकूडतोडे उन्हाळ्यात पहाटेच काम उरकत, तेव्हा घुबडांचे घूत्कार ऐकू येत. तिथून हे नाव आले.

मग नदीत पाणीच कमी का?

अडचणीची बाजू इथे सुरू होते. गळवाल्यांना थांबवणे सर्वांत सोपे असते. पण नदी तापते ती त्यांच्यामुळे नव्हे. पाणी कमी आणि संथ असले, की ते लवकर तापते. जून-जुलैत याच नद्यांतून गवत आणि अल्फाल्फाच्या शेतांसाठी पाट काढले जातात. पश्चिम अमेरिकेत पाण्याचा कायदा ‘आधी आला त्याचा हक्क आधी’ असा आहे. अनेक शेतांचे हक्क एकोणिसाव्या शतकातले. माशांसाठी नदीत पाणी राखण्याचा हक्क मोंटाना राज्याला काही नामांकित ट्राउट नद्यांपुरता मिळाला तो १९६९ च्या कायद्याने, म्हणजे रांगेत बराच मागे. टंचाईच्या वर्षात रांगेतल्या शेवटच्याला किती मिळणार?

जबरदस्तीने हे सुटत नाही, हे बिग होल नदीच्या खोऱ्यात लवकर ओळखले गेले. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीत नदीत राहणाऱ्या आर्क्टिक ग्रेलिंग माशाचा हा शेवटचा मूळ आसरा. तेथे १९९५ मध्ये शेतकरी, गळवाले आणि स्थानिकांची समिती स्थापन झाली. पाणी ठरावीक पातळीखाली गेले, की शेतकऱ्याने पाट कमी करायचा आणि गळवाल्याने गळ बाजूला ठेवायचा, असा स्वेच्छेचा आराखडा तयार झाला. २००६ च्या करारानुसार जमीनमालक नदीसाठी पाणी सोडतात. त्या बदल्यात ग्रेलिंगला संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी त्यांच्यावर जादा बंधने येणार नाहीत, असे आश्वासन त्यांना मिळते. हे तोडगे संथ आहेत, पण त्यात नदीत प्रत्यक्ष पाणी वाढते. केवळ घड्याळ लावून ते वाढत नाही.

काहीच न करण्याची किंमत २०१६ मध्ये दिसली. कमी आणि उबदार पाण्यात मूत्रपिंडाचा परजीवी आजार पसरून यलोस्टोन नदीत हजारो व्हाइटफिश मेले. ऑगस्टमध्ये नदीचा १८३ मैलांचा, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटरचा पट्टा मासेमारीलाच नव्हे, तर नौकानयन आणि पोहण्यालाही बंद करावा लागला.

भारतातील स्थिती काय?

ब्राऊन ट्राउट मोंटानाचाही मूळचा नव्हे. तो युरोपातून नेलेला. तोच मासा १९०० मध्ये स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आला आणि तेथून हिमाचलात. पहलगामची लिद्दर किंवा कुलूची तीर्थन नदी पाहिलेल्या मराठी पर्यटकांनी परवाना घेऊन गळ टाकणारे पाहिले असतील. तेथेही मे-जूनमध्ये नद्या बर्फाच्या पाण्याने फुगतात. काश्मीरमध्ये मत्स्य विभाग नदीचे टप्पे पाडून परवाने देतो.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची उघडी, तपकिरी मैदाने बातम्यांत झळकली, तेव्हा चर्चा झाली ती स्कीइंगची. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोरड्या हिवाळ्यानंतर अनंतनाग जिल्ह्यातील मुघलकालीन अचबल बागेचा झरा आटला. काश्मीरच्या ट्राउट केंद्रांना अशाच झऱ्यांचे गार, वाहते पाणी लागते, आणि खोऱ्यातील अनेक गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनाही अशाच झऱ्यांवर चालतात.