ज्यांची टाळेबंदी उठली नाही

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्र शासनाने करोनाच्या साथीचे सर्व निर्बंध मागे घेतले आणि मुखपट्टी वापरणे न वापरणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोपविले. दोन वर्षे कोंडून पडलेल्या या मुंबई शहराने त्या दिवशी मोकळा श्वास घेतला, असे सर्वत्र लिहिले व बोलले गेले. आणि ते खोटे नव्हते. पुढे 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा केली. परंतु याच शहरात असाही एक मोठा वर्ग आहे की, ज्याला मोकळा श्वास कसा असतो याची आठवणही आता अंधूक झाली आहे. फुप्फुसाच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या या माणसांच्या दारावरची टाळेबंदी ना पाडव्याला उठली, ना त्यानंतर. हिवाळा पुन्हा तोंडावर आला असता त्यांची कैफियत वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हा वर्ग मूठभर आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्याने सोडून द्यावी. श्वासमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या ज्या विकारास डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात, त्याचे 2016 मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि हृदयविकाराच्या खालोखाल तोच देशातील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होता. जगाच्या लोकसंख्येपैकी 18 टक्के लोक आपल्याकडे. परंतु जुनाट श्वसनविकारांनी जगात जेवढे आयुष्य वाया जाते, त्यापैकी 32 टक्के आपल्या वाट्याला आले होते. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग आहे, त्यांनी आपल्या कर्माची फळे भोगावीत, असे म्हणून हात झटकण्याचीही सोय नाही. ज्या माउलीने जन्मभर चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, ज्या कामगाराने दगडाची किंवा कापसाची धूळ गिळली, ज्याला क्षयाने सोडले पण ज्याच्या फुप्फुसावरचे वण राहिले, अशांची या रुग्णांत कमी नाही. त्यांपैकी कित्येकांनी विडीला कधी स्पर्शही केलेला नाही.

अशा माणसाचा दिवस कसा जातो, हे धडधाकट माणसाला सांगून कळणे कठीण. सकाळचे स्नान हीच त्याची पहिली चढण. जिन्याच्या पायऱ्या त्याला पाठ असतात. कोणत्या वळणावर थांबायचे, ओठांचा चंबू करून श्वास किती सावकाश सोडायचा, याचा त्याचा हिशेब ठरलेला असतो. शेजारची फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल यांपैकी काहीही त्याचा दिवस बिघडवू शकते. साधे पडसेसुद्धा त्याला रुग्णालयात नेऊन टाकते. आणि तिथून तो परत येतो तेव्हा फुप्फुसाची थोडी शक्ती बहुधा तेथेच ठेवून येतो.

या माणसाच्या आयुष्यात 2020 चा मार्च महिना उजाडला. दूरध्वनी लावताच प्रथम खोकल्याचा आवाज ऐकू यावा आणि मागाहून सावधगिरीची सूचना, असे ते दिवस होते. ज्याचा खोकला वर्षानुवर्षांचा सोबती, त्याने काय करावे? रांगेत त्याला ढास लागली की माणसे चार हात दूर सरत. मुखपट्टीने इतरांना केवळ घाम येई, त्याला धाप लागे. तरीही ती सर्वांआधी लावणारा आणि सर्वांनंतर काढणारा तोच होता. इमारतीच्या जिन्यात जंतुनाशकाची फवारणी झाली की इतरांना धीर येई, त्याची छाती भरून येई. दवाखान्यातील फुंकण्याची तपासणी संसर्गाच्या भीतीने बहुतेक ठिकाणी बंद झाली आणि नेब्युलायझरही शक्यतो टाळा, असा सल्ला मिळू लागला. आणि घर तरी किती मोठे? 15 जून 2020 पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकलगाड्या सुरू झाल्या. त्या गाडीने कामावर जाणारा मुलगा संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात परतला, म्हणजे बापाने कोठे जाऊन सुरक्षित अंतर राखावयाचे होते? मुलगा घरी राहिला तर चूल बंद, बाहेर गेला तर बापाचा जीव धोक्यात, हा पेच या शहरातील हजारो घरांनी निमूटपणे सोसला.

सार्वजनिक नियम धडधाकट माणसाचे माप घेऊन कसे शिवले जातात, याचे एक उदाहरण बोलके आहे. त्या काळात घरोघरी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आले आणि 94 हा आकडा लहान मुलांनाही ठाऊक झाला. त्याखाली प्राणवायू गेला की घाबरावे, रुग्णालय गाठावे, ही सूचना सर्वसामान्यांसाठी योग्यच होती. परंतु ज्याची फुप्फुसे जुनाट विकाराने झिजली आहेत, अशा कित्येकांचा रोजचाच आकडा 90 च्या आसपास असतो. अशा रुग्णास प्राणवायू द्यावयाचा तो 88 ते 92 या मर्यादेतच, असा वैद्यकाचा दंडक आहे. कारण तो अधिक दिला तर रक्तात कर्बवायू साचून रुग्ण गुंगीत जाण्याची भीती असते. म्हणजे एकाची धोक्याची घंटा हा दुसऱ्याचा नित्याचा दिवस! आपला आकडा आजचा की आजाराचा, हे ज्याचे त्याने एकट्याने ठरवावयाचे होते. आणि तो निर्णय चुकला तर दुसरी संधी नव्हती.

ज्यांस घरीच प्राणवायू घ्यावा लागतो, त्यांची स्थिती याहून बिकट झाली. रक्तातील प्राणवायू अतिशय घटलेल्या रुग्णास तो रोज किमान 15 तास मिळाला तर त्याचे आयुष्य वाढते, हे 1980 च्या सुमारास ब्रिटन व अमेरिका येथील प्रयोगांनी सिद्ध केले आहे. घरातील यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढते, पण त्यास वीज लागते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई व तिच्या परिसराचा वीजपुरवठा कोलमडला. लोकल थांबल्या, कचेऱ्या थांबल्या, त्याची चर्चा पुष्कळ झाली. ज्या घरांत यंत्राची घरघर थांबली, तेथील ते तास कोणी मोजले नाहीत. आणि 2021 चा एप्रिल तर विसरू म्हटले तरी विसरता येणार नाही. 19 एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन आगगाडी प्राणवायू आणण्यासाठी विशाखापट्टणमकडे निघाली. 21 एप्रिल रोजी नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून बावीस रुग्णांचे प्राण गेले. प्राणवायूचे सिलिंडर आणि यंत्रे काळ्या बाजारात विकली जाऊ लागली. ज्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवर प्राणवायू वर्षानुवर्षे लिहिलेला होता, त्यांनाही मग त्याच रांगेत उभे राहावे लागले.

लशीच्या रांगेत तरी न्याय झाला काय? 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढील सर्वांना आणि 45 ते 59 वयाच्या व्याधिग्रस्तांना लस खुली झाली. परंतु श्वसनविकारासाठी अट अशी की, गेल्या दोन वर्षांत त्यापायी रुग्णालयात राहावे लागले असावे, अथवा पहिल्या सेकंदात फुंकून बाहेर टाकलेली हवा अपेक्षेच्या निम्म्याहून कमी भरावी. ज्याने पथ्य पाळून रुग्णालय टाळले, त्याचे पथ्यच त्याच्या आड आले. आणि हवा मोजणारी चाचणी तर बहुतेक ठिकाणी बंदच होती! पंचेचाळिशीच्या आतील रुग्णास, मग त्याची फुप्फुसे कितीही जीर्ण असोत, 1 मेपर्यंत थांबणे भाग पडले. लशीचा तुटवडा होता, कोठेतरी रेघ ओढणे प्राप्त होते, हे आम्ही जाणतो. तथापि ती रेघ ओढताना या रुग्णांच्या दैनंदिन वास्तवाची दखल घेतली गेली नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

इतके असूनही त्या काळाने एक गोष्ट अशी शिकविली की, जिच्याकडे दुर्लक्ष करणे हा आमच्या मते अपराध ठरेल. साथीच्या पहिल्या वर्षात निरनिराळ्या देशांतील आकडे पाहिले असता, सीओपीडी बळावल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसून आले. काहीजण भीतीपोटी रुग्णालयाकडे फिरकले नसतील, हे खरे. पण तेवढ्याने एवढी घट होत नाही, असे जाणकारांचे मत आहे. लोक मुखपट्टी लावीत होते, हात धूत होते, आजारी असता घरी बसत होते. त्यामुळे करोनाबरोबर इतर सर्दी-तापाच्या साथीही ओसरल्या, आणि हवाही काही काळ निवळली. याचा अर्थ उघड आहे. जे दुखणे आपण रुग्णाच्या छातीत आहे असे समजत होतो, त्याचा निम्मा भाग आपल्या वागण्यात आणि आपल्या सर्वांच्या हवेत होता. वैद्यकास वर्षानुवर्षे जे साधले नाही, ते समाजाने भीतीपोटी का होईना, काही महिन्यांत करून दाखविले. भीती गेली आणि त्याबरोबर तेही गेले.

आज आपण कोठे आहोत? भर गर्दीच्या लोकलमध्ये मोकळ्या तोंडाने खोकणारा मनुष्य पुन्हा नित्याचा झाला आहे आणि मुखपट्टी लावणाऱ्याकडेच लोक कुतूहलाने पाहतात. बांधकामांच्या धुळीने हवा इतकी बिघडली की ऑक्टोबर 2023 मध्ये उच्च न्यायालयास स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि महापालिकेने उंच पत्रे, ओली आच्छादने, पाण्याचे फवारे यांची नियमावली काढली. नियमावली चांगली आहे. ती पाळली जाते की नाही, हे ज्याला रोज कोणत्याही यंत्रावाचून कळते, तो आमचा हा रुग्ण होय.

या माणसांना दया नको आहे. त्यांच्या मागण्या साध्या आहेत आणि त्या पुऱ्या करणे शक्य आहे. पहिली, राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात 2023 पासून सीओपीडीचा समावेश झाला आहे. तो कागदावर न राहता महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात फुंकण्याची चाचणी आणि श्वासातून घेण्याची औषधे बारमाही मिळावीत. बहुतेक विमायोजना रुग्णालयाचा खर्च देतात, पण रुग्णालय टाळणाऱ्या रोजच्या औषधाचा देत नाहीत. हा उफराटा न्याय बंद व्हावा. दुसरी, घरी प्राणवायूवर असणाऱ्यांची नोंद प्रत्येक विभागात असावी आणि वीज जाताच त्यांच्यापर्यंत भरलेला सिलिंडर पोहोचविण्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित असावी. तिसरी, रुग्णालये आणि दवाखाने येथे मुखपट्टीचा शिरस्ता कायम ठेवावा. आणि चौथी मागणी शासनाकडे नसून तुमच्याआमच्याकडे आहे: सर्दी-खोकला असेल त्या दिवशी तोंडावर चार बोटे कापड असू द्यावे.

1897 चा साथरोग कायदा शासनाने 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला, कारण एकाचा आजार हा सर्वांचा प्रश्न आहे, हे तत्त्व त्यात मान्य केले आहे. साथ संपली म्हणून ते तत्त्व संपत नाही. हवेला भिंती नाहीत. आपण सोडलेला श्वास दुसऱ्या कोणाला तरी घ्यावाच लागतो. आज रात्री या शहरात कोणीतरी उशांना पाठ टेकून, बसल्या बसल्या पहाटेची वाट पाहत असेल. त्याची टाळेबंदी आपल्याला एका दिवसात उठविता येणार नाही. पण तिची कडी थोडी सैल करणे निश्चितच आपल्या हाती आहे, आणि तेवढे तरी आपण करावे.