"सर, आत काय आहे माहीत नाय, पण चालतंय!"



मागच्या महिन्यात संगणक कक्षातल्या एका पेन ड्राईव्हवर मला 'वायफाय चालू' नावाची बॅच फाईल सापडली. सातवीतल्या एका मुलाने कुठूनतरी आणलेली. "सर, नुसतं डबल क्लिक करायचं, लॅपटॉपचंच वायफाय सुरू होतं!" मी विचारलं, आत काय लिहिलंय रे? तर म्हणाला, "ते माहीत नाय सर, पण चालतंय."

माझं दुखणं या 'चालतंय'मध्ये आहे.

बॅच फाईल म्हणजे नोटपॅडमध्ये एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञा आणि नावाच्या शेवटी 'डॉट बॅट'. यादी घेऊन दुकानात गेलेल्या पोरासारखा कॉम्प्युटर एकेक ओळ वाचतो आणि करत सुटतो. डॉसच्या काळात संगणक शिकलेल्यांना 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' आठवत असेल, तेच हे. विंडोज ७ पासून अशा दोन ओळींत लॅपटॉपचा ॲक्सेस पॉईंट करता येतो. पहिल्या ओळीत 'नेटश डब्ल्यूलॅन सेट होस्टेडनेटवर्क' म्हणून नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड द्यायचा, दुसरीत 'स्टार्ट' म्हणायचं. लॅपटॉप बंद करून चालू केला की 'स्टार्ट' पुन्हा द्यावं लागतं, म्हणून तर फाईल.

मी ती आयती फाईल बाजूला ठेवली आणि मुलांना कोऱ्या नोटपॅडवर बसवलं. पूर्ण दोन तास गेले! आधी 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' हे विसरले. मग पासवर्ड सहाच अक्षरांचा दिला. तो किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा लागतो. शेवटी टॅबवर नेटवर्क दिसलं, जोडलंही गेलं, पण इंटरनेट काही येईना. डोंगलच्या कनेक्शनवर 'शेअरिंग'ची खूण करायचीच राहिली होती. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, नळ बसवला पण टाकीला जोडलाच नाही." अहो, नेटवर्क वेगळं आणि इंटरनेट वेगळं, हे मी तीन वर्षं फळ्यावर लिहून शिकवत होतो!

आमचे एक सहकारी म्हणतात, विंडोज १० मध्ये २०१६ पासून 'मोबाईल हॉटस्पॉट'चं बटण आहे, एका वेळी ८ उपकरणं जोडली जातात, मग हा खटाटोप कशाला? खरं आहे. रोजच्या कामाला मीही बटणच दाबतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये ही जुनी सोय राहिलेलीही नाही. 'शो ड्रायव्हर्स' म्हटलं की 'होस्टेड नेटवर्क सपोर्टेड' पुढे सरळ 'नो' येतं. पण बटण दाबून चूक होत नाही, आणि चूक झाली नाही की प्रश्न पडत नाही. वर्षातून एकदा तरी मुलांनी हे हाताने करावं, असं माझं ठाम मत आहे.

पालकांसाठी दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. त्या आणलेल्या फाईलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला होता. पेन ड्राईव्ह ज्याच्या हाती, त्याच्या हाती पासवर्ड. आणि अशी फाईल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की आतली प्रत्येक ओळ पूर्ण अधिकाराने चालते. त्याच नावाखाली तुमचे फोटो पुसून टाकणारी एखादी ओळ असती तर? डबल क्लिक करणाऱ्याला कळलंही नसतं. यावर पेन ड्राईव्हवर बंदी घाला, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. घरी मुलं तेच करणार. आमच्या कक्षात आता एवढाच नियम आहे की डबल क्लिकच्या आधी राईट क्लिक करून 'एडिट' घ्यायचं आणि आतली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. एखादी ओळ कळली नाही, तर फाईल चालवायची नाही. घरीही करून बघा.

तो सातवीतला मुलगा आता स्वतःची फाईल घेऊन फिरतो. पासवर्ड त्याने काढून टाकलाय. 'सेट स्लॅश पी' वापरून फाईल दरवेळी तो विचारून घेते. नेटवर्कला नाव काय द्यायचं, यावरून मात्र वर्गात अजून भांडण चालू आहे.