घड्याळाचे ओरखडे घालवावेत का?

साबणाची एक नवी वडी घ्या. तिच्यावर नाव कोरलेले असते आणि तिच्या कडा चांगल्या टोकदार असतात. खिळ्याने तिच्यावर एक रेघ ओढा आणि ओल्या फडक्याने घासून ती नाहीशी करा. रेघ जाईल खरी. पण तोवर नावाची अक्षरे पुसट झाली असतील आणि कडा गोलावल्या असतील. भारी किमतीचे मनगटी घड्याळ सर्व्हिसिंगला दिले आणि दुकानदाराने ते 'नव्यासारखे' करून परत दिले, तर त्याच्या केसचे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीचे, असेच काहीसे झालेले असते.

ओरखडा आपल्याला दिसतो तो का? गुळगुळीत धातूवरून प्रकाशकिरण एकाच दिशेने परावर्तित होतात, ओरखड्यापाशी मात्र ते विखुरतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे चढउतार त्याहून पुष्कळ लहान झाले, की धातू आरशासारखा चमकतो. पॉलिश करणारा नेमके हेच साधतो. फिरत्या कापडी चाकाला, म्हणजे बफला, तो पॉलिशचा मसाला लावतो आणि धातू त्यावर धरतो. मसाल्यातील कठीण कण धातू खरवडत जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉलिशने ओरखडा भरून येतो असे अनेकांना वाटते. घासताना धातू किंचित पसरतो हे खरे, पण खोल ओरखडा त्याने बुजत नाही. समजा, ओरखडा २० मायक्रॉन खोल आहे. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) तो घालवायचा तर भोवतालचा सारा पृष्ठभाग २० मायक्रॉन खाली आणावा लागतो. दुसरा उपायच नाही! पितळी भांड्याला कल्हई केली तर कथलाचा थर वर चढतो; पॉलिशमध्ये धातू निघून जातो. तो जातो कुठे, हे सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांना विचारा.

२० मायक्रॉनने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. सपाट भागावर फारसे काही बिघडत नाही. खरे नुकसान होते ते कडांचे. बफ मऊ असतो. तो कडेवरून वळतो आणि तिथे दाब वाढतो, म्हणून कड आधी झिजते. ओदमार पिगे या स्विस कंपनीचे 'रॉयल ओक' हे पोलादी घड्याळ पाहा. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले हे घड्याळ १९७२ साली बाजारात आले. काचेभोवती अष्टकोनी कडे, त्याचे सपाट भाग बारीक रेघांनी मंद केलेले आणि त्यांच्या शेजारी अरुंद, चकचकीत, तिरप्या पट्ट्या. त्याचे सारे सौंदर्य मंद आणि चकचकीत भाग जिथे मिळतात त्या रेषेत आहे. बफ दोन-तीनदा फिरला, की ती रेषा विरघळल्यासारखी होते. मंद रेघा पुन्हा ओढता येतात. गेलेली कड पुन्हा आणणे फार अवघड.

सोन्याच्या घड्याळांवर तर याहून मोठी गोष्ट पणाला लागते. पट्टा अडकवण्याच्या कानांच्या पाठीमागे बहुधा शुद्धतेचा शिक्का असतो. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पासून हा शिक्का सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा आहे. पॉलिशमध्ये बिचाऱ्याचे नाकच आधी जाते! शिक्का पुसला, की घड्याळाचा पुरावा गेला. संग्राहक न घासलेल्या जुन्या घड्याळाला अधिक किंमत देतात, ते काही उगीच नाही.

आपल्या घरांतल्या जुन्या घड्याळांवर बहुधा सोन्याचा नुसता मुलामा असतो, ५, १० किंवा २० मायक्रॉन जाडीचा. वरचे गणित इथे लावून पाहा. २० मायक्रॉनचा ओरखडा घालवायला गेलात तर खालचे पितळच उघडे पडेल. अशा घड्याळाला बफ कधीच लावू नये.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पोलादाला पॉलिशने गंज चढेल ही भीती खोटी आहे. क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर हवेत आपोआप पुन्हा तयार होतो. घड्याळ ज्याचे, त्याला ते चमकते हवे असेल तर तो त्याचा हक्कच आहे. केसला मनगट ओरबाडणारा खवला आला असेल, तर तेवढी जागा घासावी. खोल खड्डा पडला असेल तर लेसरने तिथे नवा धातू वितळवून भरता येतो आणि मग तेवढाच भाग सारखा करतात. हे काम महाग आहे, पण मला तेच पटते.

माझे भांडण आहे ते न विचारता केलेल्या पॉलिशशी. सर्व्हिसिंग जरूर करावे. आतले तेल सुकते, रबरी कडी कडक होतात आणि पाणी शिरते. केसवरचा मळ कंपनांच्या पाण्यात धुऊन निघतो, त्यासाठी धातू खरवडावा लागत नाही. तेव्हा घरातले घड्याळ दुकानात द्याल तेव्हा पावतीवर घड्याळजींकडून दोन शब्द लिहून घ्या : 'पॉलिश नको.' मग ते आढेवेढे घेऊ लागले, तर खिशातून साबणाची वडी काढायला हरकत नाही.