पन्हाळा-पावनखिंड वाट : श्रमदान झालं, राखण कोण करणार?

जुलै आला की पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे हजारो पावलं निघतात. १६६० साली याच महिन्यात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली.

मोहिमा संपल्या की दुर्गप्रेमी मंडळं आणि गावातली पोरं पोती घेऊन प्लास्टिक गोळा करतात. काम मोलाचंच. पण नुसत्या श्रमदानावर ही वाट टिकणार नाही.

पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. हौसेनं दगड रचायचे म्हटले तरी आधी परवानगी लागते. गडाखालची वाट कुठे वनखात्याच्या, कुठे गावाच्या जमिनीतून, तर कुठे शेताच्या बांधावरून जाते. त्यामुळे शौचालय, पाणी, दिशाफलक कुणा एकानं ठरवून होत नाही.

मसाई पठारावर जांभ्यावर मातीचा थर पातळ. चिखल चुकवायला लोक कडेनं चालतात, वाट रुंदावते, फुलं तुडवली जातात. खाली त्याच दिवसांत भाताची लावण असते. बांध फुटला तर भुर्दंड शेतकऱ्यालाच.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत इतर ११ किल्ल्यांसोबत पन्हाळाही गेला. म्हणजे गर्दी वाढणारच. साताऱ्याच्या कास पठारावर गावच्या वन समित्या प्रवेश शुल्क घेतात, त्यातून राखण आणि साफसफाई होते. इथल्या ग्रामसभांनीही मे महिन्यातच वनखात्याला सोबत घेऊन वाट, शुल्क आणि कचऱ्याचा ठराव करावा. पाऊस सुरू झाल्यावर बोलून उपयोग नाही.